टिपरच्या हाऊसिंगवर ऑइलचा तपशील लिहिलेला हवा

महोदय,

पावसाळा सरला की कोकणातल्या चिरेखाणी पुन्हा सुरू होतात, घाटावर ऊसवाहतुकीची तयारी लागते आणि त्याआधी ट्रक-टिपरच्या मागच्या हाऊसिंगमधले (मागच्या ॲक्सलच्या गिअरभोवतीच्या कवचातले) ऑइल बदलून घेण्यासाठी गॅरेजांपुढे रांग लागते. त्या वेळी मालक आणि मिस्त्री यांच्यात एकाच प्रश्नाचा काथ्याकूट होतो : नव्वद नंबर टाकायचे की एकशे चाळीस? प्रश्न गैर नाही. परंतु डिफरन्शियलला (वळणावर दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीला) लॉक असेल तर त्याआधी आत कोणत्या जातीचे लॉक आहे, हे विचारायला हवे. ते क्वचितच विचारले जाते, आणि विचारले तरी त्याचे उत्तर गाडीवर सहसा कोठे लिहिलेले नसते.

खाणीवर चालणाऱ्या दहाचाकी टिपरमध्ये बहुधा चालकाने स्वतः लावायचे लॉक असते. डॅशबोर्डवरचे बटण दाबल्यावर हवेच्या दाबाने फोर्क सरकतो, दातेरी कॉलर ॲक्सल शाफ्टला डिफरन्शियलच्या केसशी जखडते आणि एक चाक तांबड्या चिखलात गरगरत असले तरी दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. येथे दात खाचेत अडकतो, घर्षणावर चालणारी एकही प्लेट नसते. त्यामुळे या लॉकला ऑइलकडून वेगळे काहीच नको असते आणि ऑइल निवडायचे ते क्राऊन-पिनियनकडे, म्हणजे इंजिनाचा जोर ॲक्सलकडे वळवणाऱ्या गिअरच्या जोडीकडे, पाहून. हायपॉइड पद्धतीच्या (पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यापासून बाजूला असलेल्या) क्राऊन-पिनियनमध्ये दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. तेथे ऑइलचा थर फाटला तरी दातांचे रक्षण व्हावे म्हणून गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने घातलेले जीएल-५ वर्गाचे ऑइल लागते (जीएल हे गिअर ऑइलचे वर्ग). जीएल-४ मध्ये या रसायनांचे प्रमाण साधारण निम्मे असते. उलट, पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) असलेल्या गिअरबॉक्ससाठी अनेक उत्पादक जीएल-४ च सांगतात. तेव्हा एकच मोठा डबा आणून गिअरबॉक्स आणि हाऊसिंग दोन्हींत ओतण्याची आपल्याकडची सवय सोयीची असली तरी दोहोंपैकी एकाला महागात पडू शकते.

लॉकमध्ये क्लच प्लेटा असतील तर मात्र हिशेब बदलतो. लिमिटेड स्लिप प्रकारच्या डिफरन्शियलमध्ये वळणावर प्लेटा एकमेकींवर हळुवार सरकाव्या लागतात, म्हणून त्यासाठी फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण मऊ करणारे रसायन) मिसळलेले, डब्यावर ‘एलएस’ असे लिहिलेले ऑइल घालतात. ते नसेल तर वळण घेताना मागून कटकट ऐकू येते आणि गाडी थरथरते. परंतु प्लेटा दिसल्या की एलएस घाला, हा नियमही सरसकट लागू नाही. ईटन कंपनीचे गव्हर्नरवर चालणारे लॉक अमेरिकेत १९७३ पासून जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकमध्ये येत आहे आणि त्याच धर्तीचे यांत्रिक लॉक आपल्याकडे महिंद्राच्या थारसारख्या गाड्यांतही मिळते. दोन चाकांच्या फेऱ्यांत मिनिटाला सुमारे १०० चा फरक पडला की त्यातील वजने बाहेर फेकली जाऊन लॉक आपोआप लागते. त्यात प्लेटा असूनही फ्रिक्शन मॉडिफायर घालू नये, अशीच सूचना आहे, कारण ऑइल फाजील निसरडे झाल्यास लॉक उशिरा लागण्याचा किंवा न लागण्याचा धोका असतो. फोर्डच्या प्लेटवाल्या डिफरन्शियलमध्ये मॉडिफायरची बाटली ओतण्याची अमेरिकी चित्रफीत पाहून तीच बाटली येथल्या गाडीत रिकामी करणारे हौशी तरुण म्हणूनच चिंतेचा विषय आहेत.

आता नंबराविषयी. नंबर ऑइलचा जाडपणा सांगतो, ताकद नव्हे. एकशे चाळीस नंबरचे जीएल-४ हे नव्वद नंबरच्या जीएल-५ ची जागा घेऊ शकत नाही. एसएई या अमेरिकी अभियंता संघटनेच्या मोजमापाप्रमाणे १०० अंश सेल्सिअसला नव्वद नंबरचे ऑइल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (जाडपणाचे एकक), तर एकशे चाळीसचे २४ ते ३२.५ सेंटिस्टोक असते. डब्यावरील ८०डब्ल्यू किंवा ८५डब्ल्यू हा आकडा कडाक्याच्या थंडीतला प्रवाहीपणा दाखवतो (८५डब्ल्यूची चाचणी उणे १२ अंशांवर होते), त्यामुळे महाराष्ट्रात त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. भर उन्हाळ्यात भरलेला टिपर दिवसभर चढावर चालणार असेल आणि उत्पादकाने मुभा दिली असेल, तर ८५डब्ल्यू-१४० योग्यच आहे. मात्र ‘जाड तितके चांगले’ म्हणून ते सर्वत्र घातल्यास ऑइल घुसळण्यातच शक्ती खर्ची पडते आणि डिझेल जास्त लागते.

ऑइल बदलताना काढलेला चुंबकी ड्रेन प्लग फडक्याने पुसण्याआधी नीट पाहावा. त्यावर राखाडी, मलमासारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज होय. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा लागला तर ऑइलचा ब्रँड बदलून काही साधणार नाही, हाऊसिंग उघडावेच लागेल. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. हाऊसिंगवरचा ब्रीदर (हवा ये-जा करण्याचे छिद्र) चिखलाने बुजला असेल तर आतला दाब वाढून हबचे सील गळते आणि ऑइल ब्रेक लायनरवर उतरते. घाटात याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट ग्राहकांना ठाऊक असावी. इंजिन ऑइलला एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ही संस्था रीतसर परवाना देऊन चिन्ह वापरू देते. गिअर ऑइलसाठी तशी परवाना पद्धत नाही. डब्यावरचे ‘जीएल-५’ हा विक्रेत्या कंपनीचा स्वतःचा दावा असतो. त्यामुळे वाहन उत्पादकाने नाव घेऊन मान्यता दिलेले ऑइल घेणे, हाच सर्वसामान्य मालकाला त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग उरतो. अडचण अशी की मान्यतेची यादी ज्या पुस्तिकेत असते ती मालकाच्या कपाटात, गाडी चालकाच्या हाती आणि ऑइल ओतणारा तिसराच.

म्हणून वाहन उत्पादकांना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे, की लॉकचा प्रकार, ऑइलचा नंबर व वर्ग, एलएस चालेल की नाही, किती लिटर आणि किती किलोमीटरने बदलायचे, एवढा मजकूर देवनागरीत कोरलेली धातूची पट्टी द्यावी. ती दरवाजाच्या चौकटीवर न लावता हाऊसिंगवरच, ऑइल भरण्याच्या प्लगशेजारी रिव्हेटने बसवावी. कारण जुन्या गाड्यांचे ॲक्सल सर्रास बदलले जातात आणि तशा वेळी दरवाजावरची माहिती खोटी ठरते.

आपला,
एक गॅरेजचालक, कणकवली (जि. सिंधुदुर्ग)