सुन्या, चिमीसाठी तू हवास

सोलापूर

प्रिय सुन्या,

दिवाळीपासून पत्र नाही, म्हणून शिव्या देत असशील. दे. शुगर ठीक, गोळ्या चालू. हे फोनवर बोलवेना म्हणून लिहितोय.

गोदाक्काच्या चिमीचा आजार उलटला. केमो सोसली, केस परत आले, शाळेत जायला लागली, आणि आता रिपोर्टात पुन्हा त्याच पेशी. बी-सेल ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. पोरगी नऊ वर्षांची. तिचा बाप रमेश उपचारासाठी माग विकायला निघालाय. कुणीतरी त्याला मोबाइलवर एमिली व्हाइटहेडची गोष्ट पाठवली.

गोष्ट खरी आहे बे. २०१२, फिलाडेल्फिया. सहा वर्षांच्या पोरीच्या रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढल्या, कॅन्सरच्या पेशींवरची सीडी-१९ ही खूण ओळखता यावी म्हणून त्यांत नवा जीन घातला, वाढवून परत दिल्या. मग असा ताप चढला की व्हेंटिलेटर लावावा लागला. संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता, म्हणून टोसिलिझुमॅब हे औषध त्यांना ठाऊक होतं. ते दिलं आणि पोरगी वाचली. वाचताना मला सारखा विजू दिसत होता. बायॉलॉजीच्या वहीत तू पांढऱ्या पेशी म्हणून बटाटे काढलेले आणि तो बाकाखाली लोळून हसलेला, तोच विजू. त्याच्या आजारात त्याला मुंबईला न्यायला हवं होतं की नको, यावर आपण भांडलो, किती दिवस तोंड पाहिलं नाही एकमेकांचं. ते आज उकरत नाही.

आता आपल्याकडेही हे होतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून उपचार उभा केला. २०२१ मध्ये टाटाच्याच खारघरच्या केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये पहिला रुग्ण. परदेशात तीन-चार कोटी लागतात, इथे त्याच्या दहाव्या हिश्शात होतं. मला याचा फार अभिमान वाटतो. पण २०२३ च्या ऑक्टोबरात मान्यता मिळाली ती १५ वर्षांपुढच्यांसाठी. चिमीला ट्रायलमध्ये घेतील का, की आधी दुसरी केमो, की बोन मॅरो, हे टाटाचे डॉक्टरच सांगतील. शिवाय काही मुलांत आजार यानंतरही परततो. इन्फेक्शनशी लढणाऱ्या चांगल्या बी-पेशीही मरतात, मग इन्फेक्शन सांभाळत बसायचं. यातलं रमेशच्या कानात काही शिरत नाही. गिऱ्हाईक दारात आलंय, भाव पाडून मागतोय.

मी समजावलं तर तो म्हणतो, काका, तुमचं काय जातंय. तुला असं म्हणायची त्याची छाती नाही. विजूच्या वेळी तुमचं घर कसं गेलं ते सगळ्या गल्लीने पाहिलंय.

तेव्हा हे कर. सोमवारी रात्री ते सिद्धेश्वरने निघतायत, मंगळवारी पहाटे दादरला उतरतील. तू स्टेशनवर ये. गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का बघ, आणि ओपीडीत रमेशच्या शेजारी बस. डॉक्टर काय म्हणतात ते वहीत लिहून घे, सगळं. त्याआधी त्याला आजच फोन करून सांग, टाटाचं ऐकल्याशिवाय मागाला हात लावायचा नाही.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पिंट्याच्या नोकरीचं कळलं, फार बरं वाटलं. शेंगाचटणी रमेशच्या पिशवीत देतोय, मागून घे.

तुझा,
बाब्या