त्यानं फेराराला परत घेतलं

पुणे, २६ जुलै २०२५

प्रिय बंड्या,

विम्बल्डनच्या सेमीफायनलला माझ्या सिनरनं तुझ्या नोवाक जोकोविचला हरवलं, त्यानंतर मी फोन केला नाही. ६-३, ६-३, ६-४ झाल्यावर तू तरी उचलला असतास का? २०१९ च्या फायनलला फेडरर ८-७, ४०-१५ वरून नोवाककडून हरला, तेव्हा मी कुठे उचलला होता! त्या महिन्यात आपल्या दोघांत नान्या निरोप्या होता आणि प्रत्येक निरोपात स्वतःचा मसाला घालत होता, ते वेगळंच.

तब्येत ठीक. गुडघा आहे तसा आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिला माझे पांढरे केस दिसतात.

आता मुख्य गोष्ट. सिनरनं आपल्या जुन्या फिटनेस ट्रेनरला, उंबेर्तो फेराराला, परत कामावर घेतलं. बुधवारी बातमी आली, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. घरात सांगायला गेलो तर सुजाता म्हणाली, "फेरारी? परवडते का त्याला?" तेव्हा म्हटलं, बंड्यालाच लिहावं.

गेल्या ऑगस्टमध्ये सिनरच्या नमुन्यांत क्लोस्टेबोल हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडल्याचं प्रकरण बाहेर आलं, त्या रात्री आपण केवढे भांडलो होतो. फेरारानं इटलीत ते असलेला स्प्रे विकत घेतला, फिजिओ नाल्दीनं तो कापलेल्या बोटावर मारला आणि मग उघड्या हातानं सिनरला मसाज केला. तू म्हणालास, असली सबब आपल्या पीटीच्या सरांनीसुद्धा ऐकून घेतली नसती. मला ती तेव्हा पटली होती, आजही पटते. मार्च २०२४ च्या दोन्ही नमुन्यांत सापडलेलं प्रमाण मिलिलिटरमागे एक अब्जांश ग्रॅमहूनही कमी होतं. एवढ्यानं कुणाचा फोरहँड सुधारत नाही. लवादानं निर्दोष ठरवलं, आणि वाडानं, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं, अपील केलं तरी त्यांनीही फसवण्याचा हेतू नव्हता हे मानलंच.

पण मग तीन महिन्यांची बंदी कशासाठी होती? टीमच्या निष्काळजीपणाची जबाबदारी खेळाडूवर येते, एवढ्याचसाठी ना? आणि त्याच टीममधला माणूस आता परत! मी वर्षभर सगळ्यांना एकच ऐकवत होतो, अरे, त्यानं दोघांनाही काढून टाकलं, आणखी काय करायचं माणसानं? माझ्याकडे तेवढा एकच पत्ता होता. तो यानं स्वतःच फाडला. वर निवेदन असं की म्हणे येत्या स्पर्धांची तयारी. ट्रेनर पनिकी आणि फिजिओ बादिओ तुझ्या नोवाककडून आलेले, त्यांना विम्बल्डनच्या तोंडावर निरोप दिला, हे ठीक. पण जगात दुसरा फिटनेस ट्रेनर मिळू नये?

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. न्यूयॉर्कला २०२० मध्ये लाइनवुमनच्या गळ्याला नोवाकचा चेंडू लागला, तेव्हा तू "मुद्दाम नाही मारला" म्हणून ओरडत होतास आणि मी "नियम हेतू विचारत नाही" असं सुनावत होतो. आता "मुद्दाम नाही" मी म्हणतोय. म्हण, हास. फरक आहे, पण तो सांगायला घेतला की माझा मलाच वकिली वास येतो.

खरं खुपतं ते सिमोना हालेपचं. डोपिंगच्याच प्रकरणात तिला आधी चार वर्षं बंदी, मग लढूनलढून नऊ महिने, तोवर दीड वर्ष बाहेर बसून झालेलं आणि करिअर संपल्यात जमा. सिनरची बंदी ९ फेब्रुवारी ते ४ मे, म्हणजे एकही ग्रँड स्लॅम चुकलं नाही, आणि पुनरागमन थेट रोमला, घरच्या प्रेक्षकांत. कॅलेंडर बघूनच शिक्षा बेतली असं कुणी म्हटलं, तर मी काय उत्तर देऊ? दोघांची प्रकरणं वेगळी, औषधं वेगळी, मान्य. तरी चांगला वकील परवडणं हाही खेळाचाच भाग झालाय, हे नोवाक दोह्याला बोलला तेव्हा मी त्याला जळका म्हटलं होतं. जळका तो आहेच. पण बोलला ते खोटं नव्हतं.

आणि गंमत म्हणजे खेळ बघताना हा सिनर पोरगा किती आवडतो रे. पॅरिसला अल्काराझविरुद्ध तीन चॅम्पियनशिप पॉइंट घालवून, साडेपाच तासांनी हरून, रॅकेट आपटली नाही की पंचावर डाफरला नाही. विम्बल्डनला दिमित्रोव्ह दोन सेट जिंकून छाती धरून बसला, तेव्हा त्याची बॅग यानंच उचलली. पाच आठवड्यांत त्याच अल्काराझला लंडनमध्ये हरवलं. असा माणूस एवढा निर्ढावलेला निर्णय का घेतो? त्याला वाटतं का, लोक विसरलेत? की फेरारा त्याला खरंच निर्दोष वाटतो आणि जगाची पर्वा नाही? दुसरं असेल तर मला तो जास्त आवडेल. पण हे कळणार कसं, आणि तोवर प्रत्येक मॅचला हीच कुरकुर घेऊन बसायचं का?

वहिनींची बदली झाली का? पिंकीच्या दहावीचे मार्क छान, पेढे बाकी. बंगळूरचा नवा फ्लॅट फोटोत बरा दिसतोय, पण गॅलरीत ते जाळीचं प्रकरण काय आहे?

यूएस ओपनला तू नोवाक, मी सिनर. हरेल त्यानं वैशालीत डोसा. सिनर जिंकला तर फेराराबद्दल एक अक्षर काढायचं नाही, ही अट. निदान बिल येईपर्यंत.

तुझा,
दिप्या