फेरीबोटीवरच्या त्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. धोपाव्याहून दाभोळला येणाऱ्या फेरीबोटीवर तुम्ही काम करता, एवढंच मला ठाऊक. गेल्या बुधवारी सकाळच्या फेरीला काठी टेकत उतरलेली म्हातारी म्हणजे मी. घरी येऊन चार दिवस झाले, तरी कुणाला सांगायला गेलं की घसा दाटून येतो. म्हणून लिहून काढते आहे.

मी चिपळूणची. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आमच्या दारावरून जी वाशिष्ठी वाहते तीच दाभोळला समुद्राला मिळते. माझे वडील मुंबईला जायचे ते गोवळकोटच्या बंदरातून लाँचने दाभोळपर्यंत, आणि तिथून पुढे आगबोटीने. लहानपणी 'दाभोळ' हा शब्द मी खाऊच्या पुड्याबरोबरच ऐकला. मोठेपणी वर्गात सांगत राहिले: बहमनींच्या काळात हे केवढं बंदर होतं, रशियातून आलेल्या अफनासी निकितिनने इथे घोडे उतरतात असं लिहून ठेवलं आणि परतीचं जहाजही इथूनच धरलं, १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे शहर जाळलं. मुलं विचारायची, "बाई, तुम्ही बघितलंय?" आधी शाळा, मग सासूबाईंचं आजारपण, मग माझा गुडघा. बघितलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात एका सहल कंपनीबरोबर निघाले. जाहिरातीत 'खास ज्येष्ठांसाठी' असं मोठ्या अक्षरात होतं. पैसे सगळ्यांइतकेच घेतले. दाभोळला पोचल्यावर त्यांचा माणूस गाडीत डोकावून म्हणाला, "आजी, तुम्हाला काही जमायचं नाही, तुम्ही बसूनच राहा. आपल्याला उशीर होतोय." बाकीचे उतरून तिथली जुनी मशीद बघून आले. मी खिडकीतून घुमटाचा एक तुकडा पाहिला. रडले नाही, पण त्या दिवशी स्वतःला ओझं समजले, आणि ते मला त्यांना माफ करता येत नाही. पुढे भाच्याकडे पुन्हा दाभोळला जायचा विषय काढला तर तो म्हणाला, "अगं मावशी, मोबाईलवर सगळे फोटो आहेत." त्याच्या बोलण्यात प्रेमच होतं. तरी मुकाट्याने आत जाऊन पडले.

या खेपेला गुहागरला भाचीकडे राहिले होते आणि हट्टाने एकटी निघाले. बोटीवर चढताना काही वाटलं नाही. उतरताना मात्र फळी पडली आणि पाठीमागे दहा-बारा मोटरसायकली एकदम गुरगुरायला लागल्या. तरण्या माणसाला त्या आवाजाचं काही वाटणार नाही. पण ज्याचा पाय उचलायलाच दोन श्वास लागतात, त्याला पाठीवर तो आवाज आला की पाय चुकीच्या जागी पडतो. मी कठड्याला धरून थांबले. मनात आलं, जाऊ दे, याच बोटीने परत जाऊ.

तेव्हा तुम्ही आलात. मला वाटलं आता माझा दंड धरणार, "चला चला" करणार. तुम्ही मला हातही लावला नाहीत. गाड्यांच्या पुढे आडवे उभे राहिलात, एक हात वर केलात आणि म्हणालात, "इंजिनं बंद करा रे. आजी उतरल्या की मग."

आणि सगळ्यांनी खरंच बंद केली. फळीखाली पाणी चुबुकचुबुक वाजत होतं, ते मला ऐकू आलं. मी काठी टेकली, पाय टाकला, थांबले, परत टेकली. मध्ये एकदा मागे वळून पाहिलं, तर तुमची माझ्याकडे पाठ होती. किती वेळ लावतेय हे तुम्ही बघत नव्हतात. दादा, मला सगळ्यात जास्त आठवते ती ती पाठ. लोक मदत करतात आणि मग आपल्याकडे बघत राहतात, त्या बघण्याचंच ओझं होतं. तुम्ही मला माझा वेळ दिलात आणि तो मोजलाही नाहीत.

त्या मोटरसायकलवाल्या पोरांचेही आभार. एकानेही हॉर्न वाजवला नाही. जवळून जाताना एकजण "सावकाश, आजी" म्हणून गेला. अशी मुलं कुणाच्या तरी घरात वाढतात, त्या घरांना माझा नमस्कार.

मशीद मी पाहिली. १५५९-६० च्या सुमाराची ती. दगडी पायऱ्या बसत बसत चढले, कुणी घाई करायला नव्हतंच. तो थोरला घुमट, चार मिनार आणि अंगाला लागलेला दगडाचा गारवा. विजापूरची शहजादी आयेशाबी मक्केला निघाली, पुढची वाट अडली, तेव्हा जवळचं धन तिने इथे खर्च केलं, अशी कथा सांगतात. ती मी वर्गात कितीदा सांगितली असेन. पायरीवर बसून पहिल्यांदाच मनात आलं, समोर पाणी दिसत असताना निघता येत नाही म्हणजे तिला काय वाटलं असेल.

संध्याकाळी परतीच्या फेरीला तुम्हीच होतात. दोरी गुंडाळता गुंडाळता विचारलंत, "दिसली का मशीद?" मी नुसती मान हलवली. बोलले असते तर रडू आलं असतं, म्हणून आभार तिथल्या तिथे राहिले. ते आज मानते.

दाभोळच्या चंडिकादेवीचं दर्शन अजून व्हायचंय. पाऊस सरला की येईन. उतरणाऱ्यांत शेवटचा नंबर माझा, गाड्यांच्या आधी.

तुमची,
चिपळूणची एक बाई