उंच केलेल्या गाडीचे कंट्रोल आर्म मोजूनच बसवावेत

महोदय,

उंची वाढवलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांवरील कारवाईच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि त्यांवर वाचक आपली मतेही कळवतात. चर्चेचा सगळा भर टायर किती मोठे आणि गाडी किती उंच, यावरच असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि या तरतुदीबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. मात्र उंची वाढवल्यानंतर एक्सलला जागेवर धरून ठेवणारे कंट्रोल आर्म नव्याने मोजून बसवले होते का, ही विचारपूस ना पोलीस करतात ना स्वतः मालक करतो. गाडी बिघडण्याची आणि हाताबाहेर जाण्याची बरीच कारणे तिथेच दडलेली असतात, म्हणून हे पत्र.

आपल्याकडचे बहुतेक अनुभवी कारागीर पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जीप आणि जिप्सी दुरुस्त करत शिकले. पाटा गाडीचे वजन पेलतो आणि एक्सललाही धरून ठेवतो; त्यामुळे पाटे बदलायचे आणि कोन चुकला तर एक्सल व पाटा यांच्यामध्ये पाचर द्यायची, एवढ्यावर काम भागत असे. नव्या गाड्यांत तसे नाही. मारुती जिमनीचे दोन्ही एक्सल, २०२० पासूनच्या महिंद्रा थारचा मागचा एक्सल आणि आता पुण्याजवळ रांजणगावात जोडणी होणाऱ्या जीप रँग्लरचे दोन्ही एक्सल कॉइल स्प्रिंगवर आहेत. कॉइल केवळ वजन पेलते. एक्सल पुढे-मागे किती सरकेल आणि स्वतःभोवती किती फिरेल, हे आर्म ठरवतात. तरीही पाट्यांच्या काळातील सवयीने कॉइलखाली स्पेसर सरकवला, लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावले की काम झाले, असे मानणारी गॅरेजे आजही पुष्कळ आहेत.

आर्म चेसिसवरच्या बोल्टभोवती फिरतो, जसे दार बिजागरीभोवती फिरते. गाडी उंच झाली की त्याचे एक्सलकडचे टोक खाली जाते आणि त्याच वेळी चेसिसवरच्या बोल्टाकडे ओढले जाते. ४०० मिलिमीटर लांबीचा आर्म मुळात आडवा असेल आणि गाडी ७५ मिलिमीटर उंच केली, तर एक्सल सुमारे ७ मिलिमीटर सरकतो. तोच आर्म आधीपासून १० अंश खाली झुकलेला असेल, तर तेवढ्याच उंचीला एक्सल जवळजवळ २१ मिलिमीटर सरकतो. म्हणून ‘तीन इंचाला आर्म इतका लांब करायचा’ असा तोंडपाठ आकडा कोणी सांगू लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नये. प्रत्येक गाडी मोजावीच लागते.

रँग्लरच्या पुढच्या एक्सलला दोन्ही बाजूंना वरचा आणि खालचा असे आर्म असतात. खालचे लांब केले किंवा वरचे आखूड केले की कॅस्टर वाढतो, म्हणजे ज्या आसाभोवती चाक वळते तो वरच्या बाजूला अधिक मागे झुकतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येऊ लागते. कॅस्टर घटला की गाडी रस्त्यावर भरकटते आणि स्टिअरिंगचे सांधे झिजलेले असतील, तर एखाद्या खड्ड्यानंतर संपूर्ण पुढचा भाग जोरजोरात थरथरू लागतो. परंतु पिनियन (एक्सलमध्ये इंजिनाची ताकद आत आणणारे दातेरी चाक) आणि चाकाचा आस एकाच एक्सलच्या अंगाला पक्के असल्यामुळे कॅस्टर वाढवताना पिनियनचे तोंड खाली जाते आणि त्याला फिरवणाऱ्या लांब दांड्याचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा, कोन वाढतो. दोहोंना झेपेल असा मध्य शोधणे, हेच या कामातले खरे कौशल्य आहे. एक्सलवर वरच्या आणि खालच्या बोल्टांत २०० मिलिमीटर अंतर धरले, तर एका आर्मच्या लांबीतील २ मिलिमीटरच्या फरकानेही अर्ध्या अंशाहून अधिक फरक पडतो. नुसत्या नजरेने तो कळणे शक्य नाही. जिमनीच्या पुढच्या एक्सलला तर प्रत्येक बाजूस एकच आर्म दोन बोल्टांनी धरतो, तिथे लांबी बदलून कॅस्टर सुधारत नाही. त्यासाठी मध्य सरकवलेले बुश (बोल्टाभोवतीच्या पुंगळ्या) किंवा वेगळ्या घडणीचे आर्म लागतात.

मागच्या एक्सलचा हिशेब निराळा आहे. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस, म्हणजे कोनातही फिरू देणारा सांधा, असेल, तर ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटून देणाऱ्या पेटीचा) बाहेर येणारा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांस समांतर हवेत. ट्रान्सफर केसकडे दुहेरी क्रॉस असेल, तर पिनियनचे तोंड शाफ्टच्या रेषेत, किंबहुना एक-दोन अंश खालीच ठेवावे, कारण जोर लागला की ते वर उचलले जाते.

मी वाहन दुरुस्तीच्या व्यवसायात आहे. अलीकडे माझ्याकडे आलेल्या एका गाडीचे नवे कोरे खालचे आर्म बोल्टाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजले, तेव्हा डाव्या-उजव्यात ६ मिलिमीटर फरक निघाला. आर्मची लांबी पक्की धरणारा एक लॉक नट हातानेही फिरत होता आणि मागच्या शाफ्टच्या क्रॉसभोवती तांबूस भुकटी जमली होती, म्हणजे आतल्या सुया कोरड्या पडून झिजू लागल्या होत्या. या गाडीचे व्हील अलाइनमेंट नुकतेच झाले होते. त्याच्या छापील कागदावर कॅस्टरचा आकडा लाल रंगात स्पष्ट दिसत होता, पण मालकाला ‘टो बरोबर आहे’ (म्हणजे चाके आत-बाहेर वळलेली नाहीत) एवढेच सांगण्यात आले होते.

काम योग्य रीतीने करायचे, तर जुने सुट्टे करण्यापूर्वीच मूळ लांबी आणि कोन टिपून ठेवावेत. सपाट जमिनीवर, टायरमध्ये नेहमीची हवा आणि गाडीवर विंच, बंपर असे नेहमीचे वजन ठेवून कोन मोजावेत. एका वेळी एकच आर्म सोडावा, म्हणजे एक्सल फिरत नाही. रबरी बुश असतील, तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. जॅकवर लोंबकळत असताना आवळले, तर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. आर्मच्या आटीचा पुरेसा भाग आत राहिला आहे का, हेही पाहावे. एक्सल आडवा मध्यावर आणणारा रॉड त्यानंतर लावावा, मग चाके पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन टायर, ब्रेकचे पाइप आणि शाफ्ट कुठे अडतात का ते तपासावे, आणि सर्वांत शेवटी टो व स्टिअरिंग सरळ करावे.

गॅरेजचालकांना माझी विनंती आहे की प्रत्येक आर्मची लांबी, कॅस्टर आणि दोन्ही पिनियनचे कोन, कामापूर्वीचे आणि नंतरचे, बिलासोबत लिहून द्यावेत. मालकांनीही अलाइनमेंटचा कागद मागून घ्यावा, त्यावरचा कॅस्टर कंपनीच्या पुस्तकातील मर्यादेशी ताडून पाहावा आणि काही शे किलोमीटरनंतर सर्व लॉक नट पुन्हा आवळून घेण्यासाठी गाडी परत न्यावी. नट आवळल्यावर त्यावर आणि आर्मवर रंगाची एक सलग रेघ ओढून दिली, तर तो पुढे सैल झाला की मालकाला स्वतःला गाडीखाली वाकून पाहता येईल.

– एक वाहन दुरुस्ती व्यावसायिक, पुणे