नकार कळवायला फोन करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

असं जाहीर पत्र तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, सकाळची गोळी दिलीस का?" म्हणून विषय बदलता. इथे तुम्हाला मध्येच बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमची गाठ पडायच्या आधी आई आणि मी कुत्रा दत्तक घ्यायच्या खटपटीत पुरत्या कंटाळलो होतो. निराधार कुत्री एवढी आहेत, मग एक मिळायला कितीसा वेळ लागणार, असं बाहेरून वाटतं. फॉर्म समोर आला की कळतं. घर स्वतःचं की भाड्याचं, घरमालकाची लेखी परवानगी आहे का, कुत्रा रोज किती तास एकटा राहील, रात्री कुठे झोपेल, लग्न झालं, बदली झाली, मूल झालं तर त्याचं काय करणार. माझ्या पुढच्या पाच वर्षांचं मलाच काही माहीत नव्हतं, तरी लिहिलं. एका फॉर्ममध्ये आधीच्या कुत्र्याच्या डॉक्टरांचं नाव हवं होतं. ज्याने कधी कुत्रा पाळलाच नाही त्याने तिथे काय भरायचं?

आणि नियम तरी एकसारखे असावेत! आई दिवसभर घरी असते, ही एका ठिकाणी जमेची बाजू ठरली. दुसरीकडे "वयस्कर माणसाला कुत्रा ओढून पाडेल" म्हणून त्याच कारणाने आमचं नाव कटलं. कुणाला अंगण आणि कुंपण हवंच होतं, कुणाला नोकरी करणारी मुलगी नको होती. तरी प्रश्नांचा मला राग नव्हता. त्यानंतर कुणी काही कळवायचंच नाही, त्याचा होता. फोटो बघून जीव लावायचा, रात्री जागून फॉर्म भरायचा आणि मग वाट बघत बसायचं. फार दिवसांनी कळायचं की तो कुत्रा केव्हाच कुणाच्या तरी घरी गेला, फोटो तेवढा काढायचा राहिला. विकत घ्यायचं म्हटलं तर पैसे मोजले की पिल्लू हातात, वर एक प्रश्न नाही. याला वैतागून किती जण तिकडे वळत असतील कुणास ठाऊक. मी त्यांना दोष देणार नाही.

मग तुमचा फोन आला. तुमच्या संस्थेतल्या एका तांबूस कुत्र्यासाठी आम्ही अर्ज केला होता आणि तुमचं पहिलंच वाक्य होतं, "तो मी तुम्हाला देणार नाहीये, पण का ते सांगते." भावाचं बाळ सुट्टीत आमच्याकडे असतं, हे मी फॉर्ममध्ये कुठेतरी शेवटी लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, "रांगतं की चालतं?" रांगतं म्हटल्यावर तुम्ही नीट समजावलंत. तो कुत्रा ताटलीजवळ आणि सापडलेल्या कुठल्याही वस्तूजवळ कुणाला येऊ देत नाही. आधी ताठरतो, मग गुरगुरतो. मोठं माणूस ते ओळखून मागे सरेल, पण जमिनीवरचं दिसेल ते उचलणारं बाळ थेट त्याच्या तोंडापाशी जाणार. आणि गुरगुरतो म्हणून त्याला ओरडायचं नाही, हेही तेव्हाच सांगितलंत. ओरडून गुरगुरणं बंद होतं, भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी तो इशारा न देता चावतो.

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. पण आमचा फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत कुणीतरी वाचला होता.

पुढच्या आठवड्यात तुम्हीच विचारलंत, एका कुत्रीला तात्पुरतं सांभाळाल का. गोचीड तापाची, मध्यम वयाची, काळी, एक कान दुमडलेला. फोस्टर म्हटल्यावर मी जरा बिचकलेच, कारण आधी एकांना औषधांचा खर्च कोण करणार विचारलं होतं तर "ते बघू नंतर" असं उत्तर मिळालं होतं. तुम्ही एका पानावर सगळं लिहून दिलंत. खर्च संस्थेचा, डॉक्टर कोणते, अपरात्री काही झालं तर फोन कुणाला, नाहीच जमलं तर किती दिवसांत तिला परत न्याल. फोस्टर शोधणाऱ्या प्रत्येकाने एवढं एक पान लिहावं, निम्मी भांडणं मिटतील.

आईशी मात्र तुम्ही स्वतः बोललात, ते बरं केलंत. "जीव लावायचा आणि मग देऊन टाकायचं, हे कसलं पुण्य?" असं ती मला रोज ऐकवत होती. तुम्ही तिला सांगितलंत की पिंजऱ्यातला कुत्रा खरा कसा आहे ते कुणालाच कळत नाही. घरात तो मिक्सरच्या आवाजाला घाबरतो का, बेल वाजली की काय करतो, हे बघून सांगणारं माणूस असलं तरच त्याला साजेसं घर शोधता येतं. त्या दिवसापासून आई वहीत नोंदी करायला लागली.

तुमच्या सूचना फ्रिजवर लावल्या होत्या. पहिल्या दिवशी आंघोळ नाही, पाहुणे नाहीत. बाहेर नेताना हार्नेसला एक आणि गळपट्ट्याला एक असे दोन पट्टे, कारण नवीन कुत्रा पहिल्या काही दिवसांतच निसटून पळण्याची भीती सगळ्यात जास्त. तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिने घर आपलं वाटण्याचे, असं सगळे म्हणतात हे सांगून तुम्हीच पुढे म्हणालात, "पण हे वेळापत्रक कुत्र्याने वाचलेलं नसतं." आमच्या काळीने खरंच वाचलं नव्हतं. ती कपाटामागून बाहेर येईना. आम्ही तिच्याकडे न बघता तिथेच जमिनीवर बसून भाजी निवडायचो, तेव्हा कुठे एकदा नाक बाहेर आलं.

औषधाचा कोर्स 28 दिवसांचा. चार दिवसांत ती ठणठणीत दिसायला लागली आणि आई म्हणाली, आता कशाला गोळ्या? तुम्ही ठाम राहिलात. गोचीड तापात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात, त्या नीट वाढल्याशिवाय नसबंदी करता येत नाही, रक्तस्राव आवरत नाही. आणि नसबंदीशिवाय तुम्ही कुत्रा देत नाही. दत्तक द्यायला उशीर का होतो, याची कितीतरी कारणं अशी रक्ताच्या रिपोर्टमध्ये असतात. बाहेर थांबलेल्या माणसाला ती कुणी सांगत नाही, एवढंच.

पुढे काळीसाठी अर्ज आले तेव्हा तुम्ही मला शेजारी बसवून घेतलंत. "आम्ही कामाला गेलो की गच्चीत बांधू" असं एकाने सहज लिहिलेलं. एकाने आधीचा कुत्रा घर बदलताना "सोडून दिला" होता. ते वाचल्यावर पाच वर्षांनंतरचे प्रश्न का विचारतात ते उमगलं. ज्या घरी ती गेली तिथे एक म्हातारा कुत्रा आहे. दुसरा कुत्रा दिसला की ती सैलावते, हे आईच्या वहीत होतं आणि त्यावरूनच तुम्ही ते घर निवडलंत. आई मात्र नंतर कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती. तुमच्याशी बोलत होती!

आमचा स्वतःचा कुत्रा अजून मिळालेला नाही. भावाचं बाळ आता चालायला लागलंय, तेवढी फॉर्ममध्ये दुरुस्ती करा.

आणि अर्जांना उत्तरं द्यायला तुमच्याकडे माणूस नाही, असं परवा म्हणालात. रविवारी सकाळी मी मोकळी असते. ज्यांना नकार कळवायचा आहे त्यांची यादी आणि प्रत्येकाचं कारण पाठवा, फोन मी करते.

तुमची,
काळीवाली