मेलेल्या राजाचं नाणं

प्रिय बंड्या,

फोनवर तू हसलास ना, "रोमन लोकांनी मेलेल्या राजाचं नाणं पाडलं? काहीही!" म्हणून, तेव्हा बॅटरी संपली नाहीतर तिथेच ऐकवलं असतं, आता वाच निवांत.

तर परवा नाण्यांच्या प्रदर्शनात एका काकांनी अँटिओकचं, म्हणजे प्राचीन सीरियातल्या एका मोठ्या शहराचं, टेट्राड्रॅक्म (ग्रीक धाटणीचं चांदीचं मोठं नाणं) हातावर ठेवलं, म्हणाले कडेला धरा, मधे बोट लावू नका. पंधराएक ग्रॅमची चांदी, चांगलं जड लागतं. पुढे बाकदार नाकाचा, डोक्याला फीत बांधलेला राजा, मागे सिंहासनावर झ्यूस आणि त्याच्या हातावर चिमुकली विजयदेवी. ग्रीकमध्ये लिहिलंय राजा फिलिप, म्हणजे रोमनांच्या आधीचा सीरियाचा ग्रीक राजा, आणि बिरुद फिलाडेल्फस, म्हणजे भावावर प्रेम करणारा!! अरे हा सख्ख्या भावाशी, डिमीट्रियसशी लढला होता, आपल्याकडची भाऊबंदकी परवडली.

आता गंमत बघ. पॉम्पी या रोमन सेनापतीने सीरिया घेतला इ.स.पू. ६४ मध्ये, फिलिप तेव्हा कधीच मेलेला. तरी इ.स.पू. ५७ मध्ये आलेल्या गॅबिनियस नावाच्या रोमन गव्हर्नरने त्याचाच चेहरा ठेवून नाणं पाडलं, फक्त झ्यूसच्या शेजारी स्वतःच्या नावाची गुंफलेली अक्षरं टाकली, एवढीशी, काकांचं भिंग नसतं तर दिसलीच नसती. पुढचे गव्हर्नरही तेच करत राहिले, थेट पहिला रोमन बादशहा ऑगस्टसच्या काळापर्यंत, चाळीसेक वर्षं! कारण साधं आहे रे, बाजारात जे नाणं लोक डोळे मिटून घेतात ते कशाला बदला, नवा चेहरा दिसला की सराफ कसोटी काढणार.

मग इ.स.पू. ५ च्या सुमारास ऑगस्टसचं डोकं आलं एकदाचं. पण मागे बघ काय, खडकावर बसलेली टायकी, अँटिओकची स्वतःची नगरदेवता, आणि तिच्या पायाशी पोहणारा ओराँटीस, म्हणजे त्यांची नदी, कंबरेपर्यंत पाण्याबाहेर! सन पण ऑगस्टसने जिंकलेल्या ॲक्टियमच्या लढाईपासून मोजलेला, २६ वं वर्ष. मला हे फार आवडलं, पुढे बादशहा आणि मागे आमचं गाव. शेजारच्या टायर शहराने तर आपल्या शेकेल नावाच्या चांदीच्या नाण्यावर बादशहाला घेतलंच नाही, मेलकार्त देव आणि गरुड, इ.स. ६५-६६ पर्यंत. चांदी चोख म्हणून जेरुसलेमच्या मंदिराचा कर त्यातच भरायचे.

आणि तू हसतोस कशाला, तुझ्या आजीच्या डब्यात अंकुशी रुपया आहे ना? पुण्याचा, पेशव्यांचा, आणि त्यावर फारसीत नाव कुणाचं तर दिल्लीच्या मुघल बादशहा शाह आलमचं. १८१८ नंतर इंग्रजांनीही तोच पाडला, शाह आलम १८०६ लाच गेला होता बरं का.

त्या रुपयाचा फोटो काढून पाठव, दोन्ही बाजू, उन्हात. आणि आजीला सांग, लक्ष्मीपूजनाच्या आधी चिंचेने घासू नका, प्लीज.

तुझाच,
पक्या