काम बाहेर देण्याविषयी

नागपूर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

मसाल्यांच्या वेष्टनांची मूळ चित्रे तू लवकर संपवलीस, पण तीच चित्रे निरनिराळ्या आकारांच्या पाकिटांवर बसवण्यात आणि बिलांच्या पाठपुराव्यात तुझ्या रात्री गेल्या आणि त्यापायी मुलांच्या पुस्तकाचे काम तुला नाकारावे लागले, हे ऐकल्यापासून मला तुला लिहायचे होते. लोक तुझ्याकडे ज्या कामासाठी येतात, तेच काम दुसऱ्या कोणालाही जमेल अशा कामामुळे मागे पडू लागले, की ते दुसरे काम बाहेर द्यावे, असे माझे ठाम मत आहे. नुसत्या थकव्यावरून मात्र हा निर्णय घेऊ नकोस, कारण थकवा आवडीच्या कामानेही येतो.

महाल भागातल्या आपल्या छापखान्यात छपाई आपण करत असू, पण लॅमिनेशन, डायकटिंग म्हणजे साच्याने कागद कापणे, आणि बाइंडिंग ही कामे जॉबवर्कला, म्हणजे मजुरी देऊन करून घ्यायला, बाहेर जात असत. बाबांना बाइंडिंग उत्तम येत होते. पण मशीन बंद ठेवून माणसे फॉर्म, म्हणजे छापलेले मोठे कागद, दुमडत बसली, तर मशीनचा हप्ता निघणार नाही, हे हिशोबाची वही सांभाळताना मला स्वच्छ दिसत असे. तूही तसा हिशोब मांड. समज, चित्रे काढताना तुझ्या तासाचे 800 रुपये होतात आणि आकार बदलून देणारा तासाला 250 रुपये घेतो. तर मधला फरक तुझ्या पदरात तेव्हाच पडेल, जेव्हा मोकळ्या झालेल्या तासाला खरोखर चित्राचे काम हाताशी असेल. ज्या महिन्यात काम कमी असेल, त्या महिन्यात आकार तूच बदल.

मुद्रितशोधन, म्हणजे छापण्यापूर्वी मजकुरातल्या चुका शोधणे, मात्र रिकाम्या महिन्यातही बाहेरच दे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, आणि तोच मजकूर दिवसभर पाहणाऱ्या डोळ्यांना ती चूक दिसत नाही. वजनात किंवा घटकांच्या यादीत चूक राहिली, तर छापलेला सगळा माल रद्दीत जातो. कराचे कामही सीएकडे सोपव. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, त्याकडे त्यांचे लक्ष राहील.

सर्वांत जास्त काळजी मला लिखापढीची वाटते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते 5 वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरले जाते. तू ग्राहकाला कायमचे हक्क लिहून दिलेस आणि एखादी आकृती ज्याने काढली त्याच्याकडून काहीच लिहून घेतले नाहीस, तर जे तुझे नाही ते तू विकलेस असे होईल. म्हणून काम, मोबदला, मुदत, प्रदेश आणि हक्क एका कागदावर लिहून काम सुरू होण्यापूर्वीच सही घेत जा. फाइल बाहेर पाठवण्यापूर्वी गुप्ततेची अट आहे का ते पाहा, आणि असल्यास ग्राहकाची परवानगी घे.

पहिले रेखाटन, ग्राहकाशी बोलणे आणि छपाईला जाण्यापूर्वीची शेवटची तपासणी ही तीन कामे कोणालाही देऊ नकोस, कारण काम बिघडले तर ग्राहक तुझेच नाव घेणार आहे.

दिवाळीची घाई सुरू होण्याआधी इथल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला एका पाकिटाचे छोटे काम देऊन पाहा. रंगांचे क्रमांक, कडेची जागा, फाइलचे नाव, सगळे लिहून दे. तोंडी सांगितलेले अर्धेच पोहोचते. आणि ग्राहकाचे पैसे आले नाहीत म्हणून त्या मुलाचे पैसे कधीही अडवू नकोस. त्याचा मोबदला ग्राहकाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेतूनच वेगळा काढून ठेव.

तुझी आई